सोलापूरच्या दारातून न्यूयॉर्कच्या दारात : विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

आमच्या गल्लीत कुणाचं परदेशाचं तिकीट आलं की त्याची एक प्रिंट माझ्याकडे येतेच. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे नकाशा आणि वेळ यांचं काहीही अडलं तर लोक हक्कानं येतात. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाल्या होत्या. त्यांचं तिकीट महिनाभर माझ्या टेबलावर होतं. मी त्यांना विमान कुठून कुठे जाईल ते नकाशावर दाखवलं, खिडकीची जागा कुठली ते सांगितलं. १२ तारखेला दुपारी त्या शेंगाचटणीचा डबा बॅगेत बसतो का ते विचारायला आल्या. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसचं आरक्षण हातात होतं. मी सहज तिकीट उचललं आणि पहिल्यांदा नीट वाचलं : १२ तारीख, ००.५०. म्हणजे ११ आणि १२ च्या मधली रात्र. विमान जाऊन बारा तास होऊन गेले होते.

काकू काहीच बोलल्या नाहीत. डबा मांडीवर धरून तशाच बसल्या. दुसरं तिकीट मिळून त्या पोचल्या, तोवर नात जन्माला येऊन तीन दिवस झाले होते. तेव्हापासून मी कुणाचंही तिकीट आलं की आधी कोरा कागद घेते. त्या कागदावर काय काय आणि कोणत्या क्रमानं लिहायचं, ते इथे सविस्तर सांगते. उदाहरण सोलापूर ते न्यूयॉर्क घेतलं आहे, पण लंडन असो की सिडनी, रीत हीच.

पहिली पायरी : विमान कुठून सुटतं ते नक्की करा

सोलापूरहून थेट परदेशी विमान नाही. होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जून २०२५ पासून गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. पण लांबच्या प्रवासाचं खरं उड्डाण मुंबई किंवा हैदराबादहून होतं, कधी दिल्लीहून. म्हणून अंतर मोजताना एकदम 'सोलापूर ते न्यूयॉर्क' असं मोजू नका. दोन तुकडे करा : घर ते मोठा विमानतळ, आणि तिथून पुढे.

तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरं असतात, तीच खरी ओळख. सोलापूर एसएसई, मुंबई बीओएम, हैदराबाद एचवायडी, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ जेएफके. न्यूयॉर्कजवळच न्यूअर्क आहे, तो ईडब्ल्यूआर. मुलगी न्यू जर्सीत राहत असेल तर बहुधा तोच जवळचा. आता मुंबईकडेही असंच लक्ष द्यायला हवं. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याचा कोड एनएमआय आहे. 'मुंबई' एवढंच वाचून सहारच्या जुन्या विमानतळावर जाऊन उभं राहण्याची चूक यापुढे होऊ शकते. अक्षरं वाचा.

दुसरी पायरी : अंतर मोजा, पण सपाट नकाशावर नाही

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवा. रेघ अरबस्तान, इजिप्त, उत्तर आफ्रिका ओलांडून अटलांटिकवर जाईल. त्या रेघेनं खरोखर गेलं तर साधारण १४,२०० किलोमीटर होतात. पण पृथ्वी गोल आहे, आणि गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट वेगळीच निघते.

हे पटवून घ्यायचं असेल तर पृथ्वीचा गोल घ्या आणि सुताचा दोरा. आपल्या गावात दोऱ्याला तोटा नाही. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि हलकेच ताणा. दोरा आपणहून सरकत उत्तरेकडे जातो आणि एका जागी घट्ट बसतो. बघा कुठून गेला : पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग फिनलंड आणि स्वीडनच्या मधला समुद्र, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा, आणि वरून खाली उतरत न्यूयॉर्क. वर्गात मुलांना हे दाखवलं की एखादा तरी म्हणायचा, "बाई, दोरा चुकीचा गेला." चुकीचा नसतो. त्याला बृहद्वृत्त म्हणतात आणि गोलावरची सगळ्यात आखूड वाट तीच.

आता मोजा. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तोच दोरा गोलाच्या विषुववृत्ताभोवती गुंडाळून सेंटिमीटरमध्ये मोजा आणि ४०,००० ला त्यानं भागा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे एक सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. गुणाकार करा : साडेबारा हजाराच्या आसपास. नेमका आकडा १२,५३० किलोमीटर आहे. घरच्या दोऱ्यानं इतकं जवळ पोचता येतं, याचा मला आजही आनंद होतो.

दहावी-अकरावीतलं पोर घरात असेल तर त्याला हेच कॅल्क्युलेटरवर करायला लावा. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या, म्हणजे ७३.३२ अंशांच्या, कोसाइननं गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज ०.४२४८ येते. ती ज्या कोनाची कोसाइन आहे तो कोन ६४.९ अंश. गोलावरच्या एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर. एवढी खटपट नको असेल तर संगणकावर गूगल मॅप्समध्ये एका ठिकाणी राइट क्लिक करून 'अंतर मोजा' निवडा आणि दुसऱ्या ठिकाणावर टिचकी मारा. तेही बृहद्वृत्तावरचंच अंतर दाखवतं.

मुंबईपासूनची काही अंतरं कागदावर टिपून ठेवण्यासारखी आहेत, सगळी किलोमीटरमध्ये : दुबई १,९३०, सिंगापूर ३,९२०, लंडन ७,२१०, सिडनी १०,१६०, न्यूयॉर्क १२,५३०, सॅन फ्रान्सिस्को १३,५१०.

विमानाच्या पडद्यावर किंवा वैमानिकाच्या बोलण्यात 'नॉटिकल मैल' आलं तर गोंधळू नका. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

तिसरी पायरी : अंतरावरून तास काढा

लांब पल्ल्याचं जेट विमान उंचीवर ताशी सुमारे ९०० किलोमीटरनं जातं. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय जमिनीवर रांगेत थांबावं लागतं. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, त्यात हे सगळं धरलेलं असतं. माझा ठोकताळा असा : किलोमीटरला ८५० नं भागा आणि पाऊण तास मिळवा. दुबईला तीन तास, लंडनला सव्वानऊ, न्यूयॉर्कला साडेपंधरा.

मग वारा. आठ-दहा किलोमीटर आणि त्याहून जास्त उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात, हिवाळ्यात ते आणखी वेगवान होतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. आपण लंडन-अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जाताना ठोकताळ्यात अर्धा ते एक तास मिळवा, येताना तेवढाच वजा करा. "जाताना सोळा तास लागले, येताना साडेचौदाच कसे?" हा प्रश्न मला दर वेळी कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर या वाऱ्यात आहे.

दोऱ्याची वाट आणि विमानाची वाट यांत आणखी एक फरक पडतो, तो देशांच्या भांडणांमुळे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. बालाकोटनंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंतही तसंच झालं होतं. युक्रेन युद्धानंतर २०२२ पासून अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. आपला दोरा नेमका या दोन्ही देशांवरून गेला होता. म्हणून दोऱ्याचं उत्तर 'याहून कमी शक्य नाही' एवढंच सांगतं, प्रत्यक्ष वाट त्याहून लांब असते. तिकीट काढताना त्या आठवड्याचा खरा वेळ बघा, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या नातेवाइकाचा धरू नका.

चौथी पायरी : घड्याळाचा फरक, महिन्यासकट

सगळी चूक इथेच होते, म्हणून इथे जरा थांबू.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, तो रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. आपलं सोलापूर ७५.९ अंशांवर आहे. म्हणून सिद्धेश्वर तलावावर सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून सव्वीस मिनिटं झालेली असतात. वेळेचा फरक ही कागदावरची कल्पना नाही, आपल्या अंगणातल्या सावलीतही ती दिसते.

ग्रीनिचच्या वेळेपुढे आपण साडेपाच तास. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. कारण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तिथला बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा किंवा साडेबारा तास मागे. सिडनी आपल्या पुढे, आणि ऋतू उलटे : ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास, एरवी साडेचार.

आता तिकीट वाचायची रीत. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. त्यामुळे सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळांची थेट वजाबाकी केली तर उत्तर चुकतंच. समजा लिहिलंय : मुंबई २० जानेवारी ०१.३०, न्यूयॉर्क २० जानेवारी ०६.४५. कुणालाही वाटेल, सव्वापाच तासांत अमेरिका! आधी न्यूयॉर्कची वेळ भारतीय करा : ०६.४५ मध्ये साडेदहा तास मिळवा, १७.१५. त्यातून ०१.३० वजा करा. पावणेसोळा तास. हा आकडा तिसऱ्या पायरीतल्या ठोकताळ्याशी जुळतो का बघा. जुळला तर वाचन बरोबर. दोन-चार तासांचा फरक येत असेल तर कुठेतरी तारीख किंवा महिना चुकलाय. ही ताडणी मी दर वेळी करते आणि तुम्हीही करा. अंतर मोजायला शिकायचं ते यासाठीच.

आणि रात्री बारानंतरचं विमान. ००.०५ ते ०४.०० यातली कुठलीही वेळ दिसली की लाल पेन घ्या आणि तिकिटावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा : "१९ जानेवारीच्या रात्री विमानतळावर पोचायचं." नुसतं "२० तारखेचं विमान" असं घरात कुणी म्हणायचंच नाही. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं याच वेळात सुटतात.

पाचवी पायरी : थेट जायचं की थांबून

दुबई, दोहा किंवा अबुधाबीवरून जाणं म्हणजे लांबचा फेरा, असं वाटतं. मोजून बघा. मुंबई-दुबई १,९३०, दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०००. बेरीज १२,९३० च्या आसपास, म्हणजे थेट अंतरापेक्षा चारेकशे किलोमीटरच जास्त. वेळ वाढतो तो थांब्यामुळे, आणि एक चढण-उतरण वाढल्यामुळे. पहिल्यांदा एकट्यानं जाणाऱ्या वयस्कर माणसाला मी दीड तासाचा थांबा कधीच सुचवत नाही. तीन तास असावेत. प्रवास लांबला तरी चालेल, परक्या विमानतळावर धावपळ नको.

अमेरिकेत आणखी आत जायचं असेल, डॅलस, शिकागो वगैरे, तर एक नियम पक्का लक्षात ठेवा : अमेरिकेत ज्या गावी पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा घ्याव्या लागतात, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथेही तीन तास हवेत. अबुधाबीवरून जाणाऱ्यांची ही तपासणी तिथेच होऊ शकते, कारण अमेरिकेनं तशी सोय २०१४ पासून केली आहे.

सहावी पायरी : सोलापूर ते मोठा विमानतळ

सोलापूर-मुंबई हवेतून सुमारे ३६० किलोमीटर, रेल्वेनं ४५५. वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली. ती पहाटे सहाच्या सुमारास निघते आणि साडेसहा तासांत मुंबईला पोचते. आठवड्यातून एक दिवस नसते, तो वार आधी बघून घ्या. सिद्धेश्वर रात्री निघून सकाळी पोचते. दोन्ही गाड्यांना दादरला उतरलेलं बरं. तिथून टर्मिनल दोनला टॅक्सी आहे. सामान थोडं असेल तर मेट्रो ३ दादरहून थेट टी-टू स्थानकात नेते.

रात्री दीडच्या विमानासाठी मी वंदे भारतच सुचवते. दुपारी मुंबईत असाल, हातात आठ-नऊ तास राहतील. हा वेळ वाया गेला असं मानू नका, तो हातचा राखलेला वेळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तर तोही पुरत नाही. खंडाळ्याच्या घाटात दरड आली की रेल्वे आणि रस्ता दोन्ही अडतात, म्हणून पावसाळ्यात एक दिवस आधी मुंबईत मुक्काम करा.

हैदराबादचा विचार आपले लोक पुरेसा करत नाहीत. शमशाबादचा विमानतळ आपल्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर. सरळ महामार्ग, वाटेत घाट नाही, गाडीनं साडेपाच-सहा तास. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगू घरांचे नातेवाईक तिकडेच आहेत, रात्रीच्या मुक्कामाची आणि जेवणाची चिंता नाही. पावसाळ्यात तिकिटाचे पैसे सारखेच पडत असतील तर मी डोळे झाकून हैदराबाद निवडेन.

होटगी रोडवरून विमानानं मुंबईला जायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. हे तिकीट वेगळं काढलेलं असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची कंपनी थांबत नाही आणि भरपाईही देत नाही. दुसरं वजन. अमेरिकेच्या तिकिटावर अनेकदा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, देशातल्या विमानात बहुतेक ठिकाणी १५ किलोच. चादरी, कडक भाकरी, मसाले आणि बाळंतविड्याचं सामान घेऊन निघालेल्या आजीला हा फरक काउंटरवर कळू नये.

सातवी पायरी : उलट्या क्रमानं कागद मांडा

विमानाची वेळ सगळ्यात खाली लिहा आणि वर वर चढत जा. वरचंच उदाहरण घेते.

विमान २० जानेवारी ०१.३०. परदेशी विमानांचे काउंटर बहुतेक कंपन्या तास-सव्वातास आधी बंद करतात, म्हणून ००.१५ ही शेवटची रेघ. टर्मिनलला चार तास आधी, १९ तारखेला रात्री साडेनऊला पोचायचं. संध्याकाळच्या गर्दीत दादरहून दीड तास धरा, म्हणजे दादर उशिरात उशिरा आठला सोडायचं. वंदे भारत दुपारीच पोचवते, वेळ भरपूर. सोलापूर स्टेशन पहाटे पावणेसहा. जुळे सोलापुरातलं घर सव्वापाचला सोडायचं.

आता पुढची बाजू. विमान भारतीय वेळेनं १७.१५ ला टेकतं. इमिग्रेशन, बॅगा : दोन तास. रस्ता : एक तास. घराची घंटा वाजते तेव्हा आपल्याकडे २० तारखेचे रात्रीचे सव्वाआठ.

१९ ला पहाटे सव्वापाच ते २० ला रात्री सव्वाआठ. एकोणचाळीस तास. तिकिटावर दिसतात पावणेसोळा. औषधाच्या गोळ्या, इन्सुलिन, पथ्याचं जेवण, पायावर सूज येण्याची सवय, या सगळ्यांचा विचार एकोणचाळीस तासांच्या हिशेबानं करा. रक्तदाबाची गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना विचारून भारतीय वेळेतच लिहून ठेवा आणि एक घड्याळ पोचेपर्यंत सोलापूरच्या वेळेवर राहू द्या. पोचल्यावर झोपेची घडी बसायला आठवडाभर सहज लागतो, पहिल्या दोन दिवसांत कुठलाही समारंभ ठेवायला सांगू नका.

परतीचा कागद वेगळा

येताना तारीख पुढे उडी मारते. समजा मुलं सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येतायत. न्यूयॉर्कहून १० जानेवारीला सकाळी साडेअकराला निघाली, म्हणजे आपल्याकडे १० च्या रात्रीचे दहा. वारा पाठीशी, साडेचौदा तास. मुंबई ११ तारखेला दुपारी साडेबारा. बाहेर पडेपर्यंत दोन. दुपारी चारच्या सुमाराची वंदे भारत मिळेल असं वाटतं, पण विमान दोन तास उशिरा आलं तर हुकते. लहान मूल बरोबर असेल तर मी रात्रीच्या सिद्धेश्वरचं आरक्षण करायला सांगते.

कागदाला दोन रकाने पाडा : डावीकडे भारतीय वेळ, उजवीकडे तिथली. प्रत्येक टप्प्यासमोर दोन्ही वेळा आणि दोन्ही तारखा. एक प्रत प्रवाशाच्या पर्समध्ये, एक घरी फ्रिजवर, आणि तिसरीचा फोटो तिकडे घ्यायला येणाऱ्या लेकीला. मग प्रवासी सोडून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो कागद मोठ्यानं वाचायला लावा, तारखेपासून. मी तिकीट आणणाऱ्याला समोर बसवून हे करून घेते, आणि पूर्ण वाचून झाल्याशिवाय प्रिंट परत देत नाही.